कास्टिंग वर्कशॉप आणि शोकेसला पैसे भरावेत का? फी भरण्याआधी, भरताना आणि भरल्यानंतर काय करायचं

गेल्या महिन्यात बार्शीहून एका मुलाचा मेसेज आला. वय २४, कॉलेजात एकांकिका केलेल्या, सध्या भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. सोबत एक पोस्टर होतं. अंधेरीत दोन दिवसांचं कास्टिंग वर्कशॉप, नामवंत कास्टिंग डिरेक्टर, फी १२,००० रुपये, फक्त ४० जागा, शेवटी ऑडिशन आणि ‘निवडक कलाकारांना मालिकेत थेट संधी’. खाली त्यानं लिहिलं होतं, “ताई, उद्या लास्ट डेट आहे. बाबांनी पैसे काढून ठेवलेत. भरू का?”

मी टाइप करत बसले नाही, फोनच लावला. पाऊण तास बोललो. असे फोन वर्षभर येतात आणि दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून आता सगळं एकदा नीट लिहून काढतेय. मी सांगलीहून मुंबईत आले तेव्हा हे सांगणारं मला कुणी नव्हतं. पहिल्याच वर्षी दोन वर्कशॉप आणि एक शोकेस (कास्टिंगवाल्यांसमोर छोटा सीन करून दाखवायचा कार्यक्रम) मिळून माझे ४१,००० रुपये गेले. त्यातले ८,००० सत्कारणी लागले, ते कसे ते पुढे सांगते. नंतर तीन वर्षं मी वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये एका कास्टिंग ऑफिसात, म्हणजे भूमिकांसाठी नट शोधणाऱ्या ऑफिसात, असिस्टंट होते, त्यामुळे टेबलाची पलीकडची बाजूही पाहिली.

माझं मत आधीच सांगते. अभिनय शिकण्यासाठी पैसे द्यायला काहीच हरकत नाही. ऑडिशन देण्यासाठी, काम मिळण्यासाठी किंवा कुणाच्या नजरेत येण्यासाठी पैसे देऊ नका. पंचाईत अशी की पोस्टरवर या दोन्ही गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करायला थोडा सराव लागतो.

आधी समजून घ्या: काम मिळतं कसं

समजा, एका मराठी मालिकेत नायिकेच्या दिराची भूमिका आहे. निर्मितीसंस्थेकडून कास्टिंग ऑफिसात ब्रीफ येतं: वय २२ ते २६, उंची ५ फूट ८ इंचांच्या वर, कोल्हापूर-साताऱ्याकडची भाषा सफाईनं बोलता यायला हवी, महिन्याचे २० दिवस देता यायला हवेत. असिस्टंट आपल्याकडच्या यादीतल्या मुलांना सीन पाठवतो, नाटकवाल्या ओळखीच्यांना फोन करतो, ग्रुपवर टाकतो. संध्याकाळपासून टेप, म्हणजे मुलांनी स्वतः शूट केलेले ऑडिशनचे व्हिडिओ, यायला लागतात.

त्या टेप पाहायचं काम माझं होतं. एक लॅपटॉप, एक हेडफोन, आणि काही दिवस शंभराच्या वर टेप. प्रत्येक फाइलला नाव, वय, उंची, शहर, फोन असं नाव द्यायचं. आधी इंट्रो, म्हणजे स्वतःची ओळख, पाहायचा, चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे प्रोफाइल पाहायचे, मग सीन लावायचा. पंख्याच्या घरघरीत आवाज बुडालेला असेल तर पुढची टेप. पाठ केलेलं म्हणून दाखवतोय असं वाटलं तर पुढची टेप. आणि मध्येच एखादा असा बोलायचा, की मी हेडफोन नीट बसवून पुन्हा पहिल्यापासून लावायचे. ती टेप वरच्या फोल्डरमध्ये जायची. मग सहा-सात जणांची शॉर्टलिस्ट दिग्दर्शकाकडे, त्यातली तीन-चार नावं वाहिनीकडे, त्यानंतर लूक टेस्ट (भूमिकेच्या वेशात कसा दिसतो ते पाहणं), कधी मॉक शूट (चाचणीचं चित्रीकरण), आणि शेवटी वाहिनीची मंजुरी.

ही साखळी लक्षात ठेवली की ‘थेट संधी’ या शब्दांचा उलगडा आपोआप होतो. मालिकेतली महत्त्वाची भूमिका कुणा एकाच्या खिशात नसते. कास्टिंग डिरेक्टर नाव सुचवतो, निवड पुढे होते. त्यामुळे दोन दिवसांच्या वर्कशॉपच्या फीमध्ये भूमिका देण्याचं वचन देणारा माणूस जे त्याच्या हातात नाही तेच विकतो आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कास्टिंग ऑफिसला चांगल्या नटाची गरज असते. योग्य चेहरा सापडला नाही तर बोलणी त्यांनाच बसतात. म्हणून ऑडिशन फुकट असते आणि फुकटच असायला हवी. त्यांचे पैसे निर्मितीसंस्था देते.

पहिली पायरी: स्वतःला एक प्रश्न विचारा

पोस्टर बाजूला ठेवा आणि मनाशी विचारा: हे वर्कशॉप घेणाऱ्या माणसानं मला आयुष्यात पुन्हा कधीच फोन केला नाही, तरी या दोन दिवसांसाठी मी एवढे पैसे देईन का?

उत्तर ‘हो’ आलं तर तुम्ही शिक्षण विकत घेताय. पुढच्या पायऱ्या तपासा आणि जा. उत्तर ‘नाही, पण त्यांनी मला पाहिलं तर...’ असं आलं, तर तुम्ही ओळख विकत घ्यायला निघालाय. हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर माझे ३३,००० वाचले असते.

जोडीला दुसरा प्रश्न: मला नेमकं काय येत नाही? ‘अभिनय सुधारायचाय’ हे उत्तर चालणार नाही. ‘स्टेजवर आवाज पोचतो, पण कॅमेऱ्यासमोर मी ओरडल्यासारखी वाटते’, ‘हिंदीत “ज़” आणि “ज” यांत गोंधळ होतो’, ‘सीन हातात पडल्यावर अर्ध्या तासात तयार करता येत नाही’ अशी नेमकी उणीव कागदावर लिहा. ती उणीव भरून काढणारं वर्कशॉप असेल तरच विचार करा.

माझे ८,००० सत्कारणी लागले ते याचमुळे. चार शनिवार-रविवार, १२ जण, विषय एकच: रंगभूमीवरच्या नटानं कॅमेऱ्यासमोर कसं बोलायचं. पहिल्या दिवशी मी एक वाक्य बोलले, “आई, मी निघते.” मॉनिटरवर पाहिलं तर प्रत्येक शब्दाला भुवया वर-खाली होत होत्या आणि मान पुढे येत होती. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय तोंडावर लिहिलेली दिसत होती. सरांनी लेन्सच्या शेजारी कागदाचा एक चिटोरा चिकटवला आणि म्हणाले, “आई इथे बसलीय. भाजी निवडतेय. तिला ऐकू जाईल एवढंच बोल.” सात वेळा बोलायला लावलं. सातव्या वेळी माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण मॉनिटरवर पहिल्यांदा एक मुलगी घरातून निघताना दिसली. त्या सरांनी मला एकही काम दिलं नाही, दिलं जाईल असं म्हटलंही नव्हतं. तरी त्यानंतर मिळालेल्या प्रत्येक कामात तो चिटोरा माझ्या उपयोगी पडलाय.

दुसरी पायरी: मिनिटांचा हिशेब करा

बार्शीच्या मुलाला मी फोनवरच वही घ्यायला लावली. दोन दिवस, रोज आठ तास, म्हणजे १६ तास. उद्घाटन, पाहुण्यांची ओळख, चहा, जेवण, प्रमाणपत्रं आणि फोटो यांचे सहा तास वजा करा. राहिले दहा तास, म्हणजे ६०० मिनिटं. माणसं ४०. वाट्याला आली १५ मिनिटं. फी १२,००० असेल तर कॅमेऱ्यासमोरच्या एका मिनिटाला ८०० रुपये पडतात. अंधेरीतला दोन रात्रींचा मुक्काम, रिक्षा आणि येण्याजाण्याचा प्रवास यांचा खर्च वेगळा.

आता समजा, तीन महिन्यांचा वर्ग आहे, आठवड्यात तीन दिवस, दोन-दोन तास, १२ जण, फी ३०,००० रुपये. एकूण ७२ तास. निम्मा वेळ सामूहिक व्यायाम आणि चर्चेत गेला तरी प्रत्येकाला स्वतःचा असा तीन तासांचा वेळ मिळतो. मिनिटाला साधारण १६७ रुपये. आणि चुकल्यावर पुढच्या आठवड्यात सुधारून दाखवायची सोय. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुमच्या पोस्टरवरचे आकडे घालून हाच हिशेब करा. मोठ्या नावाच्या वर्कशॉपमध्ये माणसं किती आहेत हा आकडा फीपेक्षा महत्त्वाचा असतो आणि पोस्टरवर बऱ्याचदा तोच नसतो. माझं १५,०००चं दुसरं वर्कशॉप हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. आत गेल्यावर मोजले, आम्ही ५५ जण होतो. ज्यांच्या नावावर ते विकलं गेलं, ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी तासभर येऊन गेले. तासातला बराचसा वेळ फोटोंत गेला.

तिसरी पायरी: पोस्टर वाचा

काही शब्द दिसले की तिथेच थांबा. ‘ऑडिशन फी’, ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘सिलेक्शन झालंय, फक्त कॉस्च्युम डिपॉझिट भरा’, ‘आर्टिस्ट कार्ड बनवून मिळेल’, ‘पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून करावा लागेल’. यांतल्या कशाचाही शिकण्याशी संबंध नाही. कार्डाचंच घ्या. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन म्हणजे ‘सिंटा’ ही नटांची संघटना १९५८पासून आहे. तिचं सदस्यत्व हवं असेल तर त्यांच्याकडे स्वतः अर्ज करता येतो, मध्ये दलाल लागत नाही. आणि पोर्टफोलिओचं सांगायचं तर आमच्या ऑफिसात पन्नास हजारांचे अल्बम कपाटात पडून असायचे. आम्हाला लागायचे ते खिडकीच्या उजेडात, मेकअप आणि फिल्टरशिवाय, मोबाइलवर काढलेले पाच फोटो: जवळून चेहरा, कमरेपर्यंत, पूर्ण उंचीचा, आणि डावा-उजवा प्रोफाइल.

मोठ्या निर्मितीसंस्थांच्या आणि कास्टिंग कंपन्यांच्या नावानं खोटे मेसेज फिरतात. आम्ही ऑडिशनसाठी पैसे घेत नाही, असं अनेकांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. मेसेजमधल्या नंबरवर खात्री करू नका. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरचा पत्ता किंवा ईमेल शोधून तिथे विचारा.

‘लास्ट डेट उद्या’ हाही एक इशारा समजा. चांगला शिक्षक विचार करायला चार दिवस देतो.

चौथी पायरी: फोन करा आणि हे विचारा

मेसेजवर विचारू नका, बोला. आवाजावरून पुष्कळ कळतं. एकूण किती जण असणार? मुख्य शिक्षक स्वतः किती तास शिकवणार आणि कुठल्या दिवशी? प्रत्येकाचं काम कॅमेऱ्यावर किती वेळा घेणार आणि ते सगळ्यांसमोर पाहून त्यावर बोलणार का? माझ्या सीनची क्लिप मला मिळणार का? मी आलो नाही किंवा तुम्ही तारीख बदलली तर पैसे परत कधी आणि किती? पावती कुणाच्या नावानं? गेल्या बॅचमधल्या दोघा जणांशी बोलू शकतो का?

शेवटच्या प्रश्नावर गाडी अडखळली तर समजून जा. ‘आमचे विद्यार्थी मोठमोठ्या मालिकांत आहेत’ असं ऐकलं तर नावं विचारा आणि त्या कलाकारांना थेट मेसेज करून पाहा. मालिकांत काम करणारी मुलं-मुली असे मेसेज वाचतात, उत्तरही देतात. बहुतेक वेळा कळतं की तो कलाकार सात-आठ वर्षं एकांकिका आणि नाटकं करत होता आणि मध्ये कधीतरी दोन दिवस त्या वर्कशॉपला गेला होता.

शिकवणाऱ्याची पारख वेगळी करा. कास्टिंग करता येणं आणि अभिनय शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. उत्तम कास्टिंग डिरेक्टरला शंभरांतून योग्य नट ओळखता येतो, पण चुकणाऱ्या नटाला बरोबर कसं करायचं हे सांगता येईलच असं नाही. ऑडिशनची रीत, टेपमधल्या चुका, ब्रीफ कसं वाचायचं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे आणि त्यासाठी एक दिवस पुरतो. आवाज, शरीर, भाषा, भूमिकेची बांधणी यांसाठी नाट्यशिक्षकाकडे जा.

पाचवी पायरी: पैसे कसे द्यायचे

रोख देऊ नका. कुणाच्या खासगी नंबरवर यूपीआय करण्याआधी संस्थेच्या खात्याचा तपशील मागा. पूर्ण फी एकदम भरू नका, आधी काही रक्कम आणि उरलेली पहिल्या दिवशी, असं विचारून पाहा. फीमध्ये काय काय आहे ते ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि पोस्टरचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण तक्रारीची वेळ आली की पोस्ट डिलीट झालेली असते.

कर्ज काढून, आईचं मंगळसूत्र ठेवून, शेतीच्या पैशातून ही फी भरणारी मुलं मी पाहिली आहेत. मुंबईत नटाला लागतो तो टिकून राहायला लागणारा पैसा. मालिकेत काम मिळालं तरी मानधन हातात यायला ९० दिवस लागणं ही टीव्हीतली नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे पहिल्या कामानंतरचे तीन महिने तुम्हाला स्वतःच्या पैशांवर काढायचे असतात. वर्कशॉपचे १२,००० हे त्यातले एका महिन्याच्या खोलीच्या भाड्याचे पैसे असतात, हे घरच्यांनाही सांगा.

सहावी पायरी: गेलातच, तर वसूल करून या

जाण्याआधी दोन सीन पाठ करून ठेवा, एक मराठी, एक हिंदी, दोन्ही मिनिट-दीड मिनिटाचे. आपल्या वयाचे, आपल्याला शोभणारे. कॅमेऱ्यासमोर जायला पहिला हात वर करा. सगळ्यात आधी जाणाऱ्याला शिक्षक जास्त वेळ देतात, संध्याकाळी सगळे दमलेले असतात. इतरांचं काम चालू असताना मोबाइल बाहेर काढू नका. दुसऱ्याच्या चुकांवर शिक्षक काय बोलतात ते वहीत लिहा, कारण तुमच्या वाट्याला १५ मिनिटं असली तरी शिकायला सगळी ६०० मिनिटं आहेत. आपली क्लिप त्याच दिवशी मागून घ्या.

मोठ्या पाहुण्यांभोवती फोटोसाठी गर्दी करू नका. त्यांना एक नेमका प्रश्न विचारा. नंतर त्यांना रोज ‘गुड मॉर्निंग’ पाठवू नका. तीन-चार महिन्यांनी नवं काम केलंत की त्याची एक लिंक पाठवा, दोन ओळींत. आमच्या ऑफिसात अशा मेसेजची नोंद ठेवली जायची.

वर्कशॉपमधली तुमच्यासारखी दोन-चार गंभीर मुलं हेरून ठेवा. माझ्या त्या १२ जणांतल्या तिघींबरोबर मी अजून टेप करते. एक कॅमेरा धरते, दुसरी समोरचे संवाद देते.

शोकेसचं वेगळं गणित

शोकेस म्हणजे निमंत्रित कास्टिंगवाल्यांसमोर प्रत्येकानं दोन-तीन मिनिटांचा सीन करायचा. नाट्यशाळांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्यांचे असे प्रयोग होतात आणि ती पद्धत चांगली आहे: वर्षभर शिकवलेल्या मुलांची हमी ती संस्था घेत असते, पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. निव्वळ पैसे भरून कुणालाही उभं राहता येतं, अशा शोकेसमध्ये ही हमीच नसते. मग पाहुणे कशाच्या भरवशावर येणार?

माझ्या शोकेसची फी १८,००० होती. अंधेरीतलाच एक हॉल, २८ जण. पहिल्या रांगेत दहा खुर्च्यांवर पाहुण्यांच्या नावांचे कागद चिकटवले होते. पडद्याआडून मी ते वाचत होते, एकेका नावानं पोटात गोळा येत होता. सुरू व्हायच्या वेळी चार खुर्च्या भरल्या आणि त्यातल्या दोघांना मी सकाळी आयोजकांच्या टीममध्ये चहा वाटताना पाहिलं होतं. माझा नंबर विसावा होता. तोवर उरलेल्या दोघांतला एक निघून गेला होता. क्लिप दोन महिन्यांनी मिळाली, आवाज इतका घुमत होता की ती कुठे पाठवता आली नाही.

म्हणून शोकेसला पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मिळवा. गेल्या वेळी प्रत्यक्ष आलेल्या पाहुण्यांची यादी, त्यातल्या एकाकडून तरी खात्री, आणि चित्रीकरण कोण करणार त्याच्या कामाचा नमुना. आवाजासाठी वेगळा माइक आहे का, हे आवर्जून विचारा. नाहीतर त्याच पैशात तीन मित्र मिळून एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक एका दिवसासाठी ठरवा, दोन चांगले सीन शूट करा. ती क्लिप पुढची दोन वर्षं पाठवता येते.

हा प्रश्न फक्त मुंबईचा नाही

लॉस एंजेलिसमध्ये कास्टिंग डिरेक्टरांची पैसे घेऊन होणारी वर्कशॉप हा फार जुना वाद आहे. कॅलिफोर्नियात २०१०पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ऑडिशनसाठी किंवा कामाच्या संधीसाठी कलाकाराकडून पैसे घेणं गुन्हा आहे. शिकवण्यासाठी फी घेता येते, पण अशा सेवा देणाऱ्यांना हमीची रक्कम ठेवावी लागते आणि कलाकाराला दहा कामकाजी दिवसांत करार रद्द करायचा हक्क असतो. २०१७च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या सिटी ॲटर्नीनं, म्हणजे शहराच्या सरकारी वकिलानं, पाच वर्कशॉप कंपन्यांशी संबंधित २५ जणांवर गुन्हे दाखल केले, त्यांत कास्टिंगमधली माणसंही होती. शिक्षणाच्या नावाखाली ऑडिशन विकली जाते, असा आरोप होता. आपल्याकडे नटांसाठी असा खास कायदा नाही, त्यामुळे ती रेषा आपली आपल्यालाच आखावी लागते.

मुलांसाठी पैसे भरणाऱ्या आईवडिलांना

जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलच्या हॉलमध्ये ‘टॅलेंट हंट’ भरतो, आठ वर्षांची मुलगी ‘फायनल’ला पोचते आणि मग मुंबईतल्या ग्रूमिंगसाठी ४०,००० मागितले जातात. इथे फार सावध राहा. खरं काम कसं असतं हे कळण्यासाठी नियम माहीत असू द्या. बालकामगार कायद्याखालच्या २०१७च्या नियमांनुसार १४ वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. आणि मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावी लागते. या गोष्टींबद्दल विचारल्यावर समोरचा गोंधळला, तर त्याचा चित्रीकरणाशी संबंध नाही. आणि मुलाच्या कामात पैसे तुमच्याकडे यायला हवेत, तुमच्याकडून जायला नकोत.

फसलात तर

लाज वाटून गप्प बसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पहिले काही तास फार मोलाचे असतात. कबूल केलेलं शिकवलंच नाही, पाहुणे आलेच नाहीत, परतावा दिला नाही, अशा तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. खोटं सांगून पैसे उकळले असतील तर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीची तक्रार होते. दहा जण फसले असतील तर दहाही जणांनी सोबत जा.

आणि मुलींनो, मुलांनोही: ऑडिशन किंवा ‘वन टू वन सेशन’ हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी असेल तर जाऊ नका. रात्री उशिराची वेळ असेल तर सकाळची मागा. जिथे जाल तिथला पत्ता घरी किंवा मैत्रिणीला पाठवून ठेवा. काहीही खटकलं तर कारण न देता निघून या. खरं ऑफिस अशा वेळी तुमच्यावर रागावत नाही. गरज पडली तर ११२.

त्या पैशांत आणखी काय होतं

आपल्या मराठी मुलांना एक मोठं भाग्य आहे आणि त्याची किंमत आम्हाला मुंबईत आल्यावर कळते. एकांकिका-नाटकांच्या स्पर्धा. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३पासून चालू आहे, फिरोदिया आहे, मुंबईत आयएनटी, राज्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर लोकांकिका, २५ जानेवारीच्या रात्री रंगणारी सवाई एकांकिका, शिवाय राज्य नाट्य आणि कामगार कल्याणच्या स्पर्धा. इथे तुम्ही पैसे देऊन उभे राहत नाही, तालीम करून उभे राहता. दिग्दर्शक, लेखक, मालिकांची माणसं या स्पर्धांना आवर्जून येतात. आमच्या ऑफिसात ‘त्या एकांकिकेतला तो उंच मुलगा शोध’ अशा चिठ्ठ्या मी स्वतः हातात घेतल्या आहेत.

पूर्ण वेळ शिकायची तयारी असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, पणजीत कला अकादमी, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, जिथे तीन वर्षं विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, आणि पुण्याची एफटीआयआय, म्हणजे चित्रपट आणि टीव्हीचं शिक्षण देणारी सरकारी संस्था. एफटीआयआयचे अल्पमुदतीचे अभिनय वर्गही असतात, फी जाहीर केलेली असते. कुठल्याही खासगी वर्कशॉपची फी योग्य आहे का, हे पाहायला ती फी समोर ठेवून तुलना करा.

स्वतःच्या बोलीला कमी लेखू नका. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी, जी येत असेल ती इंट्रोमध्ये बोलून दाखवा. आमच्या यादीत बोलीचा वेगळा रकाना होता आणि अहिराणीपुढे नेहमीच नावं कमी असायची.

बार्शीच्या मुलानं दुसऱ्या दिवशी आयोजकांना फोन केला. मुख्य शिक्षक किती तास असतील आणि गेल्या बॅचमधल्या कुणाशी बोलता येईल का, एवढंच विचारलं. “आधी सीट बुक कर, मग बोलू,” असं उत्तर आलं. त्यानं पैसे भरले नाहीत. २,२०० रुपयांत एक ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक घेतला, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर शटर ओढून आतच टेप करतो. बार्शीतल्या जुन्या ग्रुपनं राज्य नाट्यसाठी नाटक बसवायला घेतलंय, त्यातही आहे. परवा त्यानं मला पहिली टेप पाठवली. पंखा बंद होता, आवाज स्वच्छ होता. नजर मात्र लेन्सच्या बरीच वर जात होती. लेन्सशेजारी कागदाचा एक चिटोरा चिकटव आणि पुन्हा कर, असं सांगितलंय.